मोठ्या बाबांचा बॅलन्स रॉड

आमच्या मोठ्या बाबांइतका कलंडलेल्या वस्तूंचा वैरी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर त्याला बाभुळगावात आणू नका; दोघे एकत्र आले तर गावातल्या एकाही माणसाला खुर्चीवर निवांत बसू देणार नाहीत. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उभी हयात जमीन मोजणीच्या नोकरीत गेली. साखळी आणि झेंडे घेऊन हा माणूस लोकांच्या कपाशीतून, तुरीतून सरळ रेषा काढत हिंडला आणि निवृत्त होताना साखळी तेवढी कार्यालयात जमा करून रेषा घरी घेऊन आला. भिंतीवरची तसबीर सूतभर जरी झुकलेली दिसली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ती तसबीर आपल्याच घरची असावी अशी काही अट नाही. आमच्या गल्लीतले एक गुरुजी वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. बायका रडत होत्या, पुरुष जमिनीकडे पाहत बसले होते, आणि मोठे बाबा एकाएकी उठून गुरुजींच्या हार घातलेल्या फोटोकडे चालू लागले. घरच्यांना वाटलं, वंदन करायला निघाले. गुरुजींच्या मुलाने हुंदका आवरून वाट करून दिली. मोठ्या बाबांनी फोटोचा डावा कोपरा बोटाने वर ढकलला, मागे सरकले, एक डोळा मिटून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "हां, आता गुरुजी बराबर पाहून राह्यले." ते घर सुसंस्कृत होतं म्हणून आम्ही तिथून चालत बाहेर आलो.

डुगडुगणारं टेबल हा त्यांचा दुसरा शत्रू. त्याच्यासाठी त्यांच्या खिशात कायम घडी घातलेला कागद असतो, आणि इथे माझी तक्रार सुरू होते. मी पत्रकं लिहिते. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या बससाठी. लिहिते, छापून आणते, आठवडी बाजारात उन्हात उभी राहून वाटते. 'नागरिकहो, आणखी किती दिवस गप्प बसणार?' असं ठळक अक्षरांत विचारणारी माझी पत्रकं मोठे बाबा मूठभर मागून न्यायचे, तेव्हा मला भरून यायचं. घरात एक तरी माणूस जागा झाला! मग एक दिवस मी चौकातल्या हॉटेलात चहा प्यायला बसले आणि टेबलाच्या पायाखालून मला माझाच 'नागरिकहो' डोकावताना दिसला. पुढे पाहत गेले तर सलूनची खुर्ची, पिठाच्या गिरणीतला काटा, इतकंच काय, ज्या कार्यालयाविरुद्ध ते पत्रक होतं तिथल्या साहेबांचं टेबलसुद्धा माझ्या मागण्यांवर घट्ट उभं होतं. मी घरी येऊन तणतणले. मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "पोरी, तुह्या पत्रकाचा कागद लय दमदार असते."

"आणि मजकूर? मजकूर वाचला काय कधी?"

"मजकुरानं टेबल हालाचं थांबते काय?"

त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचं लग्नसुद्धा असंच ठरलं. आम्ही मुलाचं घर पाहायला गेलो. पोहे आले, आणि पोह्यांच्या बशा टीपॉयवर टेकताच टीपॉय डुलला. मोठ्या बाबांनी बशी बाजूला ठेवली आणि "एक मिनिट हं" म्हणून खाली वाकून सरळ टीपॉयखाली गेले. मुलाचे वडील ओशाळले, तेही मागोमाग खाली गेले. वर आम्ही सगळे दोघांच्या तळपायांकडे पाहत पोहे खात होतो. बराच वेळ खालून नुसती कुजबुज येत राहिली. दोघे बाहेर निघाले तेव्हा केसांत जाळी-जळमटं होती, टीपॉय दगडासारखा उभा होता आणि लग्न ठरलेलं होतं. माझ्या बहिणीला हुंडा नाही, मानपान नाही, काही नाही. जे काय बोलायचं ते खालीच बोलून झालं होतं. अशा टीपॉयांची संख्या वाढली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एवढं सगळं सरळ करणाऱ्या माणसाच्या घरात एक गोष्ट काही केल्या सरळ होत नव्हती. मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोला, गाडी लागते. थोडीथोडकी नाही. गाडीचं दार उघडल्याचा वास आला तरी तिच्या तोंडाला मळमळीचं पाणी सुटतं, यवतमाळ येईपर्यंत चेहरा पिवळा पडतो, आणि वळणं सुरू झाली की मग बोलायलाच नको. आणि तिला जायचं असतं ते नेमकं वळणांच्या पलीकडे. तिची थोरली बहीण, आमची मावशी, झरी जामणीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावात राहते. पांढरकवड्यापर्यंत रस्ता बरा आहे. पुढे तो सागाच्या झाडांमधून असा काही फिरत जातो, की आखणाऱ्याने लहान मुलाच्या हाती खडू दिला असावा. पूर्वी मावशीच उन्हाळ्यात इकडे यायची, आंब्याच्या पिशव्या घेऊन. मग ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि येणं थांबलं. मोठी आई दोनदा निघाली. दोन्ही वेळा पांढरकवड्याच्या पुढे अर्ध्या वाटेतून तिला परत आणावं लागलं. तेव्हापासून दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात आणि रोज तेच बोलतात. "येतो वं ताई, पाहा, या महिन्यात येतो." पलीकडून मावशी म्हणते, "ये न मंग, मी काय पयून जाऊन राह्यली?" आणि फोन ठेवला की मोठी आई पदराने फोनची काच पुसत बसते.

यावर घरचे हसायचे. मी नावं घेत नाही, पण त्यांनी ओळखावं. माणसाला ताप आला तर कोणी हसत नाही, कंबर धरली तर शेक देतात. बाईला गाडी लागली की मात्र सगळ्यांना विनोद सुचतो. "पन्न्या किती घेतल्या?" "रुमाल कायले, बादलीच घे न!" लग्नाच्या गाडीत तिला कोणी शेजारी बसवून घेत नव्हतं. एवढी वर्षं या बाईने सगळ्यांची उष्टी काढली, आणि तिच्या पोटात ढवळलं तर तो नखरा? मी तिरीमिरीत पत्रक लिहिलं. 'गाडी लागणे हा गुन्हा नाही!' खाली मागण्या होत्या: वळणावळणाच्या रस्त्याचे खड्डे बुजवा, वळणं रुंद करा, चालकांना हळू चालवायला शिकवा, आणि हसणाऱ्यांनी जाहीर माफी मागावी. मोठ्या आईने ते वाचलं आणि माझे दोन्ही हात धरले. "नको वं माय. माह्या ओकाऱ्या गावभर वाटू नको." ते पत्रक तेवढं मी वाटलं नाही. रस्त्याचं निवेदन मात्र वेगळं करून दिलं, पोच घेतली, आणि ते अजून विचाराधीन आहे.

मोठे बाबा मात्र कधी हसले नाहीत. त्यांनी मोजायला घेतलं. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी आहे, चार दारांची, मागे डिक्की असलेली. बाजारभावाने ती कधीच मेलेली आहे, पण धुतली रोज जाते. गाडी वळणावर किती झुकते ते पाहायला त्यांनी गवंड्याचा ओळंबा आणला आणि आतून छताला टांगला. दोरीच्या टोकाला पितळी भोपळा, आणि तो वळणावर कुठवर जातो ते मागच्या सीटवर बसून मोठ्या आईने सांगायचं. शास्त्र म्हणून हे बरोबर असेल. पण बिचारीने डोळे त्या डुलणाऱ्या भोपळ्यावर लावले आणि गाव सोडून पहिला फाटा यायच्या आत तिला खाली उतरवावं लागलं. रस्त्याच्या कडेला तिच्या पाठीवरून हात फिरवत मोठे बाबा जे म्हणाले ते मी स्वतः ऐकलं. "तुले गाडी लागत नाई. गाडी झुकते. दोष तिचा हाये, तुहा नाई." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने बायकोच्या बाजूने यापेक्षा स्पष्ट भूमिका घेतल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि मग ते मोबाइलवर व्हिडिओ पाहू लागले. जेवताना, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, विहारात वंदना सुरू होण्याआधी. त्यांना सापडला बॅलन्स रॉड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीच्या दोन मागच्या चाकांना आडवा जोडणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला एक लोखंडी दांडा असतो. मधोमध तो रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. वळणावर गाडी एका अंगावर कलली की हा दांडा पिळला जातो, आणि पिळलेला दांडा सरळ व्हायच्या धडपडीत गाडीलाही सरळ ओढतो. दांडा जाड तर ओढ जास्त. मोठ्या बाबांच्या गाडीचा दांडा कंपनीनेच करंगळीएवढा दिला होता. हे समजलं तेव्हा ते दोन दिवस गाडीखाली वाकवाकून पाहत राहिले. एवढी वर्षं आपण या गाडीत बसलो, आणि खाली ही करंगळी होती!

गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री आमच्याच ओळखीतला. त्याने ऐकलं आणि पाना खाली ठेवला. "काका, जाड रॉड तं रेस लावनारे पोट्टे टाकतात. तुमाले कोनासंगं रेस लावाची हाये?"

"बायकोच्या उलटीसंगं," मोठे बाबा म्हणाले.

मिस्त्री इतका हसला की त्याच्या दुकानातले गिऱ्हाईकही हसले, आणि मोठे बाबा तिथून उठले. "घरीच टाकतो," म्हणाले. मिस्त्री मागून ओरडला, "एकदम जाड घेऊ नका बरं! मागचं लय टाइट झालं तं वळणावर गाडी आपलं बूड फिरवते!" हा सल्ला त्यांनी रागातही ऐकला, हे त्यांचं मोठेपण. मोबाइलवर सगळ्यात जाड रॉड सोडून त्याच्या अलीकडचा मागवला.

मला हे पटलं नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं. प्रश्न सार्वजनिक आहे. रस्ता खराब आहे म्हणून प्रत्येकाने आपापल्या गाडीखाली लोखंड लावत बसायचं, तर मग संबंधित कार्यालयाने काय करायचं? ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्या बायकांनी काय करायचं? मोठे बाबा अंगणात पाने लहान-मोठे असे ओळीत मांडत होते. मान वर न करता म्हणाले, "तू रस्ता सरळ कर. मी गाडी करतो. पाहू कोनाचं आधी होते."

रॉड आला तो माणसाएवढ्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यातून. कुरिअरवाल्याने तो खांद्यावरून आणला तेव्हा गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं पडद्याचा रॉड असेल, कोणी म्हणालं कपडे वाळवायच्या ओलणीचा. शेजारच्या काकूंनी तर मोठ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, "घरात कोनाचं हाड गिड मोडलं काय वं?" खोकं उघडलं, आत लालभडक रंगाचा, दोन्ही टोकांना वाकवलेला, अंगठ्याएवढा जाड दांडा. मोठे बाबा मोठ्या आईला तो कसा काम करतो ते समजावू लागले. हे चाक वर गेलं का दांडा पिळला जाते, मंग थो त्या चाकालेही ओढते. मोठ्या आईने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. "म्हंजे एक कलंडला का दुसऱ्याले पीळ," ती म्हणाली. "लगनच म्हना न सरळ."

बसवायला सुरुवात करण्याआधी अंगण मोजलं गेलं. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि तुळशीच्या रोपाकडचा कोपरा खाली आहे असं ठरलं. मग गाडी तिथून हलवून दुसरीकडे. मागची बाजू जॅकने उचलून दोन लोखंडी घोड्यांवर ठेवली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, आणि गाडी हलत नाही ना हे पाहायला मोठ्या बाबांनी तिला इतक्या बाजूंनी ढकललं, की शेजारच्यांना वाटलं बॅटरी बसली. मग ते खाली आणि मी शेजारी आडवी, हातात टॉर्च. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवसापासून डिझेल सोडून ठेवलं होतं. तरीही एकेक नट असा कुरकुरत निघाला की त्या कार्यालयातल्या फायलींची आठवण व्हावी. करंगळी निघाली. तिला त्यांनी अंगणात झोपवलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही पडलेल्या उमेदवाराकडे पाहतो. लाल दांडा आत सरकवला, टोकं जोडली, मधल्या बुशांवर पट्ट्या बसवल्या, पण नट सैलच ठेवले. कारण व्हिडिओत सांगितलं होतं, शेवटचं आवळायचं ते गाडी चाकांवर उभी असताना, तिच्यावर नेहमीचं ओझं असताना.

नेहमीचं ओझं म्हणजे मोठी आई. ती म्हणाली, उभ्या गाडीत पण बसणार नाही, मळमळते. मग तिच्या जागेवर तुरीचा भरलेला कट्टा, म्हणजे गोणी, ठेवला. मोठ्या बाबांनी तो नीट टेकवला, जरा मागे सरकून पाहिलं, आणि वर आणखी अर्धं पोतं सोयाबीन ठेवलं. मोठी आई दारात उभी होती. "काहून हो? मी कट्टा अन् वर अर्धं पोतं हाये काय?"

"इंजिनेरिंगमंदी थोडं जास्तच धरा लागते," मोठे बाबा गाडीखालून म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ मिळालं नाही.

चूक झाली ती याच्या आधी, बुश बसवताना. खोक्यात बुशांना लावायच्या वंगणाची एक पुडी होती, शाम्पूच्या पुडीसारखी. मोठ्या बाबांनी ती पिळली आणि त्यांना ती अपमानास्पद वाटली. "एवढ्यानं तं डोयातलं काजळ नाई होत." मग ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आले. आमच्या घरात जवसाचं तेल हे सगळ्यावरचं उत्तर आहे. चटणीवर तेच, दाराच्या बिजागरीला तेच, क्रिकेटच्या बॅटला तेच, फाटलेल्या टाचेलाही तेच. मी पत्रकं लिहिते, केमिस्ट्री लिहीत नाही; मला काय माहीत? त्यांनी बुश त्या तेलात न्हाऊ घातले. दोन्ही बुश असे चकाकत होते, की वधू-वर वाटावेत.

पहिले काही दिवस आनंदाचे गेले. गाडी खरोखरच बदलली होती. चौकातून बाजाराकडे वळताना पूर्वी ती डुलणाऱ्या माणसासारखी एका अंगावर जायची. आता सरळ पाठीने वळत होती. मोठे बाबा विनाकारण वळत होते. दूध आणायला पलीकडच्या गल्लीत, पेपर आणायला स्टँडवर. मिस्त्रीच्या दुकानासमोरून तर त्यांनी एवढ्या वेळा वळण घेतलं की तोच शेवटी हात जोडून बाहेर आला, "मानलं काका." मोठ्या आईला यवतमाळपर्यंत न्यायचं, मग पांढरकवड्यापर्यंत, मग पुढे, असा हळूहळू वाढवायचा बेत ठरला.

आणि मग जवसाचं तेल सुकलं. ज्यांच्या घरी जवसाच्या तेलाची बाटली तोंडाशी चिकट होते त्यांना सांगायला नको. हे तेल हवेत राहिलं की राळेसारखं घट्ट होतं. बुश दांड्याला धरून बसले. दर गतिरोधकावर, दर खड्ड्यावर गाडीच्या मागून आवाज यायला लागला. किर्रर्र... करकर... किर्रर्र. साधासुधा नाही, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. ज्या माणसाने दुसऱ्याच्या घरातली खुर्ची वाजू दिली नाही त्याची स्वतःची गाडी, स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली, गावभर करकरत हिंडायला लागली. मोठे बाबा खचले. नवं वंगण मागवलं, आलं की सगळं खोलून रॉकेलने पुसायचं आणि पुन्हा बसवायचं, तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मोठ्या आईने मावशीला फोनवर फक्त सांगितलं, "थोडं थांबा लागते ताई, गाडी खोलाची हाये."

त्याच आठवड्यात मावशीच्या मुलाचा फोन आला. तो बंगळूरला नोकरीला. म्हणाला, आईला आता एकटं ठेवता येत नाही, परवा घेऊन चाललो, घराला कुलूप लावतो. परवा. मोठ्या आईने फोन माझ्या हातात दिला आणि जाऊन अंगणात गाडीपाशी उभी राहिली. तिने कोणाला काही मागितलं नाही. ती कधीच मागत नाही, आणि हीच आपल्या घरांतली खरी अडचण आहे. गाडीच्या छतावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मोठे बाबा आतून आले. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सकाळी निंगू," ते म्हणाले. "वाजन थे वाजू दे."

सकाळी उजाडताच निघालो. मोठी आई मागे, मांडीवर पिशव्या, मुठीत लिंबू, डोळे घट्ट मिटलेले. मी पुढे. यवतमाळ गेलं, ती गप्प. पांढरकवडा गेला, ती गप्प. मागे वळून पाहायची माझी हिंमत होईना. पुढे जंगल लागलं. पहिलं वळण आलं, गाडी झुकली नाही. दुसरं आलं, झुकली नाही. पण खड्डे होते (निवेदन विचाराधीन!) आणि दर खड्ड्याला मागून तो आवाज. किर्रर्र... करकर... मोठे बाबा दर वेळी ओशाळून मागच्या आरशात न पाहता म्हणायचे, "बस, वंगन आलं की खोलतोच. बस, माफ कर." सागाची सुकलेली पानं रस्त्यावर पडली होती, त्यांच्यावरून गाडी जात होती. मला राहवेना. मी वळून पाहिलं, आणि मोठ्या बाबांच्या दंडाला हात लावला. त्यांनी गाडी इतकी हळू केली की जवळपास थांबलीच.

मोठी आई झोपली होती. तोंड किंचित उघडं, लिंबू मुठीतून सुटून सीटखाली गेलेलं, डोकं काचेला टेकलेलं. गाडीत झोपलेली मोठी आई आम्ही दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मोठे बाबा पुढे वळले, आणि तिथून गावापर्यंत त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

मावशीचं घर गल्लीच्या आत. रस्ता संपतो तिथून दगडगोटे सुरू होतात, त्यामुळे गाडी नुसती करकरत नव्हती, गात होती. छपरीत खाटेवर मावशी पडलेली. शेजारी बांधलेल्या बॅगा, दोरीने आवळलेली ट्रंक, मुलगा कुलपाची किल्ली शोधत होता. आवाज ऐकून मावशीने कोपरावर रेटून मान उचलली. आम्ही अजून दार उघडलं नव्हतं, तरी तिचा आवाज स्पष्ट आला, "अरे पाय तं बाहीर. माह्या बाबाची रेंगी आली वाट्टे."

रेंगी म्हणजे बैलांची छोटी गाडी, माणसं बसायची. मुलगा म्हणाला, "आई, कार हाये, बाभुळगावची मावशी आली." मावशी म्हणाली, "मले नको शिकवू." तोवर मोठी आई जागी होऊन खाली उतरली होती. अर्धवट झोपेत, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर काचेच्या कडेचा वळ. आणि मग खाटेवर दोघी बहिणी अशा काही एकमेकींना धरून बसल्या की आम्ही बाकीचे सगळे विनाकारण बॅगा मोजायला लागलो.

नंतर जेवताना मोठ्या आईनेच सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या रेंगीच्या चाकांचा आख असाच वाजायचा. बाजाराच्या दिवशी दोघी मुली मागे तणसावर आडव्या पडायच्या, आणि आखाची करकर ऐकत ऐकत झोपून जायच्या. उठवायचे तेव्हा बाजार आलेला असायचा. "मले वाटलं, उठली का आता बाजारच," ती म्हणाली. मोठे बाबा वरणात भाकर कुस्करत होते. त्यांनी रॉडबद्दल एक वाक्य तयार केलेलं मला दिसत होतं, जाडीबद्दल, पिळाबद्दल. त्यांनी ते गिळलं. त्यांच्यासारख्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी गेली. आता ती बंगळूरला, फार उंचावरच्या एका घरात असते. तिथे खिडक्या उघडत नाहीत म्हणते, आणि शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. नवं वंगण आलं आहे, मोठ्या बाबांनी पुडी आणून मोठ्या आईसमोर धरली, "खोलू काय?" तर ती म्हणाली, "हात लावून तं पाहा!" पुडी कपाटात गेली. बाभुळगावात गाडी अजूनही वाजते, माझं निवेदन अजूनही विचाराधीन आहे, आणि मी दर महिन्याला जाऊन विचारते. रस्ता मी सरळ करून घेईनच. फक्त तो झाला तरी त्याच्या त्या टोकाला आता कुलूप आहे, हे मला निवेदनात कुठे लिहिता येत नाही.

रविवारी दुपारी मावशीचा फोन येतो, व्हिडिओवाला. आधी तब्येत होते, मग भाजी काय केली ते होतं. मग मोठी आई फोन घेऊन अंगणात येते, गाडीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवी बसते आणि फोन चाकाला लावून धरते. मोठे बाबा येतात. डिक्कीवर दोन्ही तळवे टेकवून, सगळं अंग टाकून गाडी खाली दाबतात, सोडतात, दाबतात. मीही एका बाजूने लागते. किर्रर्र... करकर... किर्रर्र.

"आलं काय वं ऐकू?" मोठी आई विचारते.

"आलं," पलीकडून मावशी म्हणते. मग थोड्या वेळाने, "आनखीन जराक होऊ द्या न जवाईबापू. इथी लयच शांत हाये."

आणि मोठे बाबा धोतराचा सोगा वर खोचून पुन्हा डिक्कीवर हात टेकवतात.